जामसांवलीचं पाणी

रविवारी सकाळी आमच्याकडे घंटा नव्हे, रूळ वाजायचा. चर्चच्या आवारातल्या कडुलिंबाला छोट्या रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा तारेनं टांगलेला होता. माझे बाबा त्याच्यावर पान्यानं ठोके घालत आणि तो आवाज अर्ध्या सौंसर गावभर जाई. लूथरन मंडळी म्हणावी तर आमची मोजकी घरं, त्यातली निम्मी एकमेकांच्या नात्यातली. इतक्या मोठ्या आवाजाची खरं तर काही गरज नव्हती, पण बाबा शाळेत मास्तर होते आणि ठोके पडल्याशिवाय जगात काही सुरू होतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. महिन्यातून एकदा छिंदवाड्याहून पाळकसाहेब छोट्या रेल्वेनं येत. त्या रविवारी भाकर आणि द्राक्षारसाचं प्रभुभोजन असे, म्हणून आदल्या दिवशी आई मनुका उकळून फडक्यातून गाळून द्राक्षारस करी. फडक्यात राहिलेला चोथा माझा. त्यात साखर घालून मी मागच्या पायरीवर बसून खाई, आणि अजूनही मनुकांचा वास आला की मला आधी ती ऊन पायरी आठवते, मग चर्च. आता छोटी रेल्वे नाही, कवेलूचं ते चर्चही पत्र्याचं झालं, आणि मी पांढुर्ण्यात राहते, जे म्हातारपणी का होईना पण जिल्ह्याचं ठिकाण झालं. माझं तसं काही झालं नाही, मी आहे तिथेच आहे.

आमच्या आवाराला लागून गिरजामावशीचं घर होतं. तिच्या नवऱ्याचा रामाकोना गावाकडे संत्र्याचा बगीचा होता आणि कपाशीचं शेत. मधल्या भिंतीचा एक भाग कधीतरी ढासळला होता. तो कुणी बांधला नाही, कारण दोन्ही घरांचा दिवसभराचा रस्ता तोच होता. तिकडून कोथिंबिरीची सांभारवडी यायची, पातोडीचा रस्सा यायचा, संत्र्याच्या दिवसांत टोपलीभर संत्री यायची. इकडून नाताळच्या करंज्या जायच्या. दर शनिवारी मावशी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाई. तिथला मारुती निजलेला आहे आणि त्याच्या बेंबीतून पाणी येतं, ते तीर्थ म्हणून लोक घरी नेतात. मावशी ते तांब्याच्या छोट्या गडव्यात आणी आणि गावातल्या अर्ध्या दुखण्यांवर वापरी. खोबऱ्याचा प्रसाद ती आमच्याकडेही देई. बाबा तो "धन्यवाद वहिनी" म्हणून तोंडात टाकत. सलोमीआत्या तो हातात घेई आणि मावशीची पाठ वळली की कोंबड्यांना घाली. कोंबड्या मात्र सर्वधर्मी होत्या.

सलोमीआत्या ही बाबांची आत्या, पण सगळी मंडळी तिला आत्याच म्हणे. पांढरं पातळ, हातात काळं गीतांचं पुस्तक, आणि कोण प्रार्थनेत डोळे उघडे ठेवतं याच्यावर नजर. डोळे उघडे ठेवल्याशिवाय ते दिसत नाही, हे मी एकदा तिला म्हटलं तेव्हा कान पिळला गेला. ती वाईट नव्हती, हे आता या वयात मी शपथेवर सांगेन. पण माझ्या पाठीवरचं बाळ जेव्हा जन्मून दुसऱ्याच दिवशी गेलं आणि बाप्तिस्म्याचं पाणी घालायला पाळकसाहेब यायला अजून अवकाश होता, तेव्हा ती अंगणात उभी राहून म्हणाली, "बिनपाण्याचं गेलं लेकरू." बस, एवढंच. आई आत बाजेवर होती आणि तिला ऐकू गेलं. मी तेव्हा फार लहान होते. मला आठवतं ते इतकंच की त्या बाळाला मसनवट्याच्या कडेला, बाभळीखाली पुरलं, वर क्रूस लावला नाही, आणि नंतर घरात त्याच्याविषयी कुणी बोललं नाही. त्याला नावही नव्हतं. जेवायला बसलं की आमच्याकडे प्रार्थना असे, ती आई करी. आजच्या अन्नाबद्दल आभार, आजाऱ्यांची आठवण, आणि शेवटी, "प्रभू, माह्या सुशीलेले सांभाळ." त्यानंतर ती आमेन म्हणायच्या आधी थोडं थांबे. चमचा कुठे ठेवला ते आठवत असल्यासारखं. मला वाटे, आमेनच्या आधी असंच थांबायचं असतं. शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी प्रार्थना करायची वेळ आली तर मीही तसंच थांबत असे.

मी नववीत गेले तेव्हा पाळकसाहेबांनी मला दृढीकरणाच्या वर्गात बसवलं. म्हणजे लहानपणी आईबापांनी आपल्या वतीनं जे कबूल केलं, ते आता आपण मोठ्यांदा कबूल करायचं, आणि मग पहिल्यांदा प्रभुभोजनाला गुडघे टेकायचे. त्याआधी प्रश्नोत्तरं पाठ हवीत. पाळकसाहेब उंच, वाळके, आवाज घोगरा. ते मराठीत सुरू करत आणि तापले की हिंदीत जात. तारण कर्मानं मिळत नाही, कृपेनं मिळतं, हे त्यांनी मला वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या गिरजामावशीच्या अंगणातल्या संत्र्याच्या झाडावरून शिकवलं. "सुशीला, वो झाड देखो. खाली जंभेरी आहे, रानलिंबू, आंबट, कडू. माळ्यानं तिच्यावर संत्र्याचा डोळा बांधला. झाडानं काय केलं? काही नाही. बांधून घेतलं. आता संत्री येतात. संत्री आली म्हणून माळ्यानं कलम बांधली असं नाही, कलम बांधली म्हणून संत्री आली. समझी?" मी म्हटलं, "समजलं. मग सलोमीआत्या शुक्रवारी उपास काहून करते? तिले तर कलम बांधूनच आहे नं?" पाळकसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग गंभीर होऊन म्हणाले, "ते तिचं संत्रं आहे. मोजायला जाऊ नको."

संस्कार दोन, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. भाकर भाकरच राहते आणि तरी तिच्यात प्रभू खरोखर असतो, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलं असं म्हणवत नाही. पण मानते. बाप्तिस्म्याचं मात्र सोपं वाटलं. पाणी आणि देवाचा शब्द. लेकरू काही करत नाही, त्याला काही कळत नाही, आणि तेच बरोबर आहे, कारण देणारा देव आहे, घेणारं लेकरू. आणि पाळक जवळ नसेल, लेकराच्या जिवाला धोका असेल, तर कुणीही ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो. "कोणीबी?" मी विचारलं. "कोई भी," पाळकसाहेब म्हणाले. "तू सुद्धा." मी घरी येऊन हे चुलीपाशी आईला सांगितलं. तेव्हा तिला पुन्हा दिवस गेले होते. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "मले हे कोणी सांगतलंच नाही," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी करपली. आमच्याकडे भाकरी करपणं ही लहान गोष्ट नव्हती.

येणाऱ्या बाळासाठी बाबांनी नाव काढून ठेवलं होतं. मुलगा झाला तर विजय. आई म्हणाली, "ते नाही." बाबांनी विचारलं, "काहून? चांगलं नाव आहे. तूच तर मागं कधी म्हणत होती." आई म्हणाली, "ते नाही म्हणलं नं." आई कुठल्याच गोष्टीला अशी नाही म्हणत नसे. बाबा बिचारे मोशेपासून सुरुवात करून एकेक नाव सुचवत राहिले. ती प्रत्येकाला "पाहू" म्हणे.

बाळ आलं ते अवेळी, उन्हाळ्यात, शनिवारी दुपारी. बाबा शाळेच्या कामानं छिंदवाड्याला गेलेले, संध्याकाळच्या गाडीनं येणार होते. मावशी सकाळीच जामसांवलीहून आली होती, ती तशीच भिंतीतून आमच्याकडे आली आणि मग गेलीच नाही. तिनं गावातली कितीतरी बाळंतपणं केली होती. बाळ झालं, मुलगा होता, मांजरीच्या पिलाएवढा. रडला नाही, नुसता कण्हला. मावशीनं त्याला उलटं धरून पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली, तेव्हा एक बारीक आवाज निघाला. ओठ निळे पडत होते. "ऊब पाह्यजे लेकराले," म्हणत ती बाळाला आईच्या छातीशी देऊन चुलीकडे पळाली. आईनं माझ्याकडे पाहिलं. ते डोळे मी विसरलेले नाही. "सुशे," ती म्हणाली, "तुले येते नं? तूच सांगतलं होतं नं? दे त्याले बाप्तिस्मा. लवकर दे, बाई. हेबी तसंच नको जाऊ."

बाजेजवळ एक गडवा झाकून ठेवलेला होता. मी झाकण काढलं, त्यात पाणी होतं. मी ते ओंजळीत घेतलं. नाव काय ठेवू, मी विचारलं, आई म्हणाली, "कोणतंबी ठेव!" त्या आठवड्यात रविवारच्या शाळेत मी मुलांना योनाची गोष्ट सांगितली होती, मोठ्या माशाच्या पोटात गेलेल्या आणि जिवंत बाहेर आलेल्या संदेष्ट्याची. माझ्या डोक्यात तेवढंच नाव होतं. मी बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं आणि म्हटलं की योना, मी तुझा बाप्तिस्मा पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं करते. माझा आवाज शाळेत कविता म्हणताना निघतो तसा निघाला, उगाच मोठा. बाळाला थंड पाणी आवडलं नसावं. ते तोंड वाकडं करून रडलं, पहिल्यांदा नीट रडलं. आई हसली आणि तिचे डोळे मिटले. मावशी धावत आली ती हातात सूप घेऊन. त्यात घरची पिंजलेली कपाशी गच्च भरलेली, खाली चुलीवर तापवलेली वाळू फडक्यात बांधून. तिनं बाळाला कोरडं केलं, तेल चोपडलं आणि त्या कापसात नाकापर्यंत पुरलं. नंतरच्या आयुष्यात मी दवाखान्यांमध्ये काचेच्या पेट्या पाहिल्या. त्यांच्यात आणि त्या सुपात मला तरी फार फरक वाटला नाही.

संध्याकाळी बाबा आले, रडले, हसले, गुडघे टेकून आभार मानले. मावशी घरी जायला निघाली आणि गडवा उचलून थबकली. "अवं, रिकामा कसा झाला हा? मास्तरीणबाई, तुम्ही घेतलं का तीर्थ? घोट घोट घ्याले ठेवलं होतं म्या तुमच्यासाठी, बाळंतपण सोपं व्हावं म्हणून." आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी त्याच पाण्यानं बाप्तिस्मा देल्ला." मावशी आधी घाबरली, मग तिचा चेहरा उजळला. "म्हणजे लेकराच्या डोक्यावर घातलं? मारुतीचं? मंग तर बरंच झालं नं बाप्पा!" आणि ती खरोखर आनंदानं घरी गेली. दारात सलोमीआत्या उभी होती. ती म्हणाली, "मूर्तीचं पाणी! अन् देल्लं कोणी, तर दृढीकरण न झालेल्या पोरीनं! हा काही बाप्तिस्मा नाही. पाळकसाहेब आले की पुन्हा करा, अन् तोवर लेकराले सांभाळा." शेवटचं वाक्य तिनं काळजीनं म्हटलं होतं, पण आईला त्याचा अर्थ एकच लागला.

पाळकसाहेब पुढच्या रविवारी येणार होते. तो आठवडा आईनं बाजेवर बसून काढला म्हटलं तरी चालेल. बाळ कापसात श्वास घेत होतं, मावशी कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब दूध पाजत होती, ओठ गुलाबी होत होते, आणि आई मात्र जेवत नव्हती. हळिवाची खीर तशीच परत जाई. डोळा लागला की दचकून उठे आणि बाळाच्या नाकाशी बोट धरी. बाबा म्हणाले, "मी पुन्हा देतो बाप्तिस्मा, आपल्या विहिरीच्या पाण्यानं, मग झालं?" ती म्हणाली, "अन् पहिला खरा असला तर? मंग दुसरा म्हणजे देवाले खोटं पाडणं नाही का?" मी कोपऱ्यात बसून प्रश्नोत्तरं पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते, की कुठे तरी पाण्याविषयी काही सापडेल. पाणी कुठलं असावं हे त्यात कुठेच नव्हतं. मला तेव्हा देवाचा रागच आला, की एवढी महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिलीच कशी.

रविवारी रूळ वाजायच्या आधीच पाळकसाहेब आमच्या घरात होते. बाबांनी त्यांना स्टेशनवरूनच सरळ आणलं. सलोमीआत्या आली, भिंतीतून गिरजामावशीही आली आणि पदर तोंडाशी धरून उभी राहिली. पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "पाणी होतं?" मी म्हटलं, "हो." "त्रैक्याचं नाव घेतलं? तिन्ही?" "हो." "फिर क्या बाकी रहा?" ते म्हणाले. सलोमीआत्या म्हणाली, "पण पाणी कुठलं ते तर विचारा!" पाळकसाहेब म्हणाले, "आत्या, तुमच्या बाप्तिस्म्याला कुठलं होतं?" तिला ते माहीत नव्हतं. "पाणी काही करत नाही. ते कन्हान नदीचं असो, विहिरीचं असो. पाण्याबरोबर देवाचा शब्द असतो, तो करतो. नुसतं पाणी नुसतं पाणीच असतं." यावर मावशीला राहवलं नाही. "साहेब, ते नुसतं पाणी नाही बरं, तीर्थ होय ते!" पाळकसाहेब तिच्याकडे वळले आणि हसले. "असेल बाई. माझ्या कामाला ते ओलं होतं, तेवढं पुरे झालं. आणि तुमच्या हातांनी जे केलं त्याचे आभार मी आज मंडळीसमोर मानणार आहे." मावशी लाजली. मग ते आईला म्हणाले, "मास्तरीणबाई, योनाचा बाप्तिस्मा झाला. पुन्हा होणार नाही. देवानं एकदा दिलेलं तो मागे घेत नाही, मग आपण पुन्हा कशाला मागायचं?"

आईनं मान हलवली. सगळ्यांना वाटलं, झालं. बाबा चहाचं बघायला उठले. तेव्हा आई अगदी हळू म्हणाली, "अन् आधीचं?" पाळकसाहेबांना कळलं नाही. "सुशीच्या पाठचं लेकरू," ती म्हणाली. "त्याले ना पाणी भेटलं ना शब्द. मले कोणी सांगतलं नव्हतं की मी देऊ शकत होती. माह्याजवळ तांब्या होता, साहेब. भरलेला होता." इतकी वर्षं तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. सलोमीआत्या एकदम खाली बसली, जमिनीवरच. पाळकसाहेबांनी खुर्ची सोडली आणि आईच्या बाजेजवळ तेही जमिनीवर बसले. म्हणाले, "बाई, पाणी नाकारणं वेगळं आणि पाणी न मिळणं वेगळं. बाप्तिस्म्याची आज्ञा आपल्याला आहे, देवाला नाही. आपण त्या तांब्याला बांधलेले, तो नाही. त्या लेकरानं काय केलं? काही नाही. योनानं तरी काय केलं? जो हात याला मिळाला तो त्याला मिळाला नसेल, असं मी त्या देवाविषयी म्हणू शकत नाही. आणि तुम्ही त्याच्यासाठी रोज मनात प्रार्थना करत असालच, ती तो ऐकत नाही असं वाटतं तुम्हाला?" मी आईकडे पाहिलं. रोज? मग माझ्या लक्षात आलं. आमेनच्या आधीचं ते थांबणं.

आई रडली. मी तिला इतकं रडताना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. सलोमीआत्या उठून तिच्याजवळ गेली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. "चुकलं माह्यं," एवढंच म्हणाली, आणि एवढं म्हणायला तिला किती लागलं असेल ते तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल. बाबा दारात कपबशा घेऊन उभे होते. त्यांच्याकडे पाहून आई म्हणाली, "विजय नाव आहे त्याचं. म्या ठेवलं होतं मनात, बाभळीखाली जाताना. म्हणून याचं नको म्हणत होती." बाबांनी हातातल्या कपबशा खाली ठेवल्या.

योना जगला. आता त्याचं टक्कल पडलंय. पांढुर्ण्याच्या मंडीत त्याची संत्र्याची आडत आहे, आणि आपला जीव बहिणीनं वाचवला की कापसानं की मारुतीनं, यावर तो ऐकणाऱ्याप्रमाणे उत्तर बदलतो. मावशी जिवंत होती तोवर त्याच्या वाढदिवसाला जामसांवलीला नारळ फोडून येई. बाबांनी त्याच महिन्यात बाभळीखाली लाकडी क्रूस लावला, आणि त्याला तेल लावायचं काम सलोमीआत्यानं मरेपर्यंत दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. माझं दृढीकरण त्या पावसाळ्यात झालं. पाळकसाहेबांनी मंडळीसमोर बाप्तिस्म्याविषयीचा प्रश्न मला विचारलाच नाही. म्हणाले, हिची परीक्षा झालेली आहे.

पण मला सांगायची आहे ती त्याच रविवारची दुपार. उपासना झाली होती. सलोमीआत्यानं कोंबडीचा रस्सा केला होता, मावशीच्या घरून भाकरी आल्या होत्या, आणि आई आठवड्यानं पहिल्यांदा ताटावर बसली होती. सूप तिच्या मांडीला लागून होतं. पाळकसाहेब पाहुणे, म्हणून प्रार्थना त्यांनी करावी असं बाबा म्हणाले, पण त्यांनी आईकडे हात केला. आईनं डोळे मिटले. मी मिटले नाहीत. अन्नाबद्दल आभार, आजाऱ्यांची आठवण. मग ती म्हणाली, "प्रभू, माह्या सुशीलेले सांभाळ. विजयले सांभाळ. योनाले सांभाळ." आणि मध्ये कुठेच न थांबता म्हणाली, "आमेन." मग तिनं भाकरी मोडली आणि रस्सा वाढ म्हणाली.